बाबांस नमस्कार

गोटेबोर्ग,
११ जानेवारी १९७०

प्रिय सैमीताईस,
ऐमोचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

वरची ओळ तू दोनदा वाचली असशील. घाईत राहिलं नाही, ताई. मुद्दामच लिहिलं नाही.

त्याचं असं झालं. माझ्या खोलीत एक युगोस्लाव्ह आहे, द्रागुतिन. मी पत्र लिहायला बसलो की हा खांद्यावरून बघतो, आणि आपल्या भाषेतलं एक अक्षर कळत नसलं तरी मान डोलावतो. मागच्या रविवारी त्याने ‘दे. शां.’वर बोट ठेवून विचारलं, की ही दोन अक्षरं तुझ्या प्रत्येक पत्रावर असतात, कोणा बाईचं नाव का रे. मग मला माझ्या मोडक्या स्वीडिशमध्ये सांगावं लागलं, की बाई नाही बाबा, देवाची शांती. आमच्याकडे विश्वासातला माणूस विश्वासातल्या माणसाला भेटला की हात हातात घेऊन हे म्हणतो, समोरचाही तेच म्हणतो. विश्वासाबाहेरच्याला मात्र नुसता नमस्कार. द्रागुतिन म्हणाला, अच्छा, म्हणजे पलटणीत असतो तसा परवलीचा शब्द. मग तू कुठला, आतला की बाहेरचा? त्याने आपलं सहज विचारलं आणि सॉसेज तळायला निघून गेला. 

मी शोधलं, ताई. खरंच शोधलं. घरून निघताना होतं एवढं आठवतं. कधी गेलं ते कळलं नाही. कोणाशी भांडून गेलं नाही, सिनेमाला गेलो म्हणून गेलं नाही, बिअरमुळेही नाही (आईला बिअरचं सांगू नकोस). नुसतं नाही आहे. आणि नसताना ती दोन अक्षरं लिहायची म्हणजे, तुला माहीत आहे आपल्या घरात त्याला काय म्हणतात.

बाबांना ते माझ्याआधी कळलं होतं. जूनमध्ये मी आलो, गळ्यात टाय होता, विश्वासातला माणूस घालत नाही तो. तो काढून खिशात घालायचं गाडीत ठरवलं होतं आणि विसरलो. बाबांनी अंगणात हात पुढे केला आणि म्हणाले नमस्कार. करवसुलीच्या माणसाला म्हणतात तसा. आई उभी, मला भेटायला आलेला ओइवा उभा, तू पायरीवर किटली घेऊन. म्हाताऱ्याने चारचौघांत मला घराबाहेर काढलं असं मला वाटलं. सुट्टी संपेपर्यंत मी त्यांच्याशी धड बोललो नाही आणि तसाच निघून आलो.

बाकी काम आहे तेच. जहाजाच्या तळातल्या कप्प्यांत सरपटत शिरायचं आणि गंज खरवडायचा. मुकादम मला आमू म्हणतो. मी त्याला मनात काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शाळा अर्धी टाकली म्हणून तू रडली होतीस, तर ऐक, गंजाला माझं प्रगतिपुस्तक लागत नाही. तुझ्या चष्म्याची काच बदललीस की अजून दोरा बांधूनच वाचतेस? आणि तुझ्या पत्रात बाबांचं एक वाक्यही नाही, ते का?

राग आला तर येऊ दे, पण माझ्यावरची माया पातळ करू नकोस.
तुझा भाऊ,
ऐमो


कुर्कीनिवा,
२ फेब्रुवारी १९७०

चि. ऐमोस,
दे. शां. वि. वि.

मी लिहिणार. माझ्या बाजूने आहे म्हणून लिहिते. तू उत्तरात काय लिहायचं ते तुझं तू बघ.

तुझं पत्र घरात वाचून दाखवलं नाही. ऐमो बरा आहे, गंज खरवडतो, माझ्या चष्म्याची टिंगल करतो, एवढं तोंडी सांगितलं. आई म्हणाली, टिंगल करतो म्हणजे जेवत असणार.

बाबांचं मी लिहीत नव्हते कारण त्यांनी मनाई केली होती. आता मनाई उठली. शरद ऋतूत त्यांचं जेवण कमी झालं. केमीच्या दवाखान्यात पोट उघडलं आणि तसंच शिवलं. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, की घरी न्या, घरी बरं वाटेल. म्हणजे काय ते तुला कळेल. त्यांचा बाक आम्ही चुलीपाशी आणला आहे, खिडकीतून नदी दिसेल असा.

संध्याकाळी माणसं येतात, गाणी म्हणतात. जो येतो त्याला बाबा विचारतात, की माझं काही तुझ्या मनात असेल तर क्षमा आहे का. मग तो त्यांच्या गळ्यात हात घालून म्हणतो, की येशूच्या नावाने आणि रक्ताने सगळ्याची क्षमा झाली आहे, विश्वास ठेव. आईने म्हटलं, मी म्हटलं, ओइवाने म्हटलं, प्रवचनकारांनी म्हटलं. बाबा सगळ्यांना हो म्हणतात आणि मग सांगतात, की ऐमोचं राहिलं.

जूनचं ते विसरले नाहीत. आईने समजावलं, की तुम्ही खोटं काही बोलला नाहीत, पोरगा बाहेरच होता. त्यावर ते म्हणाले, लुल्ली, खरं होतं, पण ते चारचौघांत अंगणात नको होतं, गोठ्यामागे नेऊन सांगता आलं असतं. माझ्या तोंडाने मी दार लावलं, आता तो उघडणार कसा. आईला ते लुल्ली म्हणाले, ऐमो. आम्ही हे नाव त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

तुझ्याकडून त्यांना ती क्षमा हवी आहे. नुसतं जाऊ दे झालं गेलं, असं नको. आपण लहानपणी एकमेकांना देत होतो ती. मी तुझी होडी चुलीत घातली होती तेव्हा आई म्हणाली होती, सूर्य मावळायच्या आत एकमेकांच्या गळ्यात हात घाला. आणि तू विचारलंस, की हिवाळ्यात सूर्य धड उगवत नाही, मग मावळायच्या आत म्हणजे केव्हा. त्याबद्दल तू मार खाल्लास आणि मग आईलाही तुझी क्षमा मागावी लागली. त्या रात्री आपल्या घरात सगळ्यांनीच सगळ्यांच्या गळ्यात हात घातले होते.

प्रवचनकार म्हणतात, ती क्षमा विश्वासातल्याच्याच तोंडून लागते. बाबांना हे त्यांच्याहून जास्त माहीत आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की मग मी तो येईपर्यंत थांबतो. डॉक्टरांना नवल वाटतं की अजून कसे आहेत. मला वाटत नाही. दुखायला लागलं की उशीचं टोक चावतात, पण जायला तयार नाहीत. तू विश्वासात ये, ऐमो, आणि लिही. मी वाचून दाखवीन. प्रत्यक्ष आलास तर देवच पावला.

आईने मोजे विणले आहेत, वेगळे पाठवते. तुझी वाट पाहणं हेच आता आमचं काम.
तुझी,
सैमीताई


गोटेबोर्ग,
१५ फेब्रुवारी १९७०

मित्रवर्य ओइवास,
ऐमोचा नमस्कार, वि. वि.

नमस्कार का, ते तुला ताईकडून कळलं असेल. नसेल तर आता कळलं. आता चूल फुंकून कॉफी ठेव आणि मग पुढचं वाच.

तू गावात आहेस, सभेत बसतोस, तुला कायदा माहीत आहे. मला एवढंच सांग, की मनात नसताना मी ते शब्द कागदावर लिहिले तर ते चालतात का. आठवतं, सौनेच्या न्हाणीघरामागे आपण तुझ्या आजोबांचा तंबाखू ओढायचो, मग घाबरून एकमेकांच्या गळ्यात पडून क्षमा द्यायचो आणि मग उरलेला ओढायचो. तेव्हा ते लागू पडत होतं, अगदी छातीत हलकं वाटायचं. आपण चोर होतो, पण आत होतो. आता मी चोरी करत नाही, पण बाहेर आहे. मग कोणाची क्षमा लागू पडते, तेव्हाच्या चोराची की आत्ताच्या माझी?

तू म्हणशील, अरे गाढवा, ये ना इकडे. येतो येतो म्हणतो आणि पाय उचलत नाही. बाबा बाकावरून हात पुढे करतील आणि मला तिथल्या तिथे एक शब्द बोलावा लागेल. देवाची शांती म्हणालो तर खोटं, नमस्कार म्हणालो तर मेलेल्याला मारणं. कागदावर निदान विचार करायला फुरसत मिळते.

दोन वेळा लिहायला घेतलं. येशूच्या नावाने एवढं लिहून होतं आणि पुढे हात मुकादमाने धरून ठेवल्यासारखा थांबतो. असं वाटतं की बाबाच मागे उभे आहेत आणि विचारतायत, की हे खरं का रे.

लवकर लिही. शिव्या घातल्यास तरी चालेल, फक्त प्रवचन नको.
तुझा,
ऐमो


कुर्कीनिवा,
२८ फेब्रुवारी १९७०

मित्र ऐमोस,

वर काय लिहावं याचा विचार करता करता कॉफी थंड झाली. शेवटी जागा कोरी सोडली आहे. तुला हवं ते तिथे आहे असं समज.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. चालत नाही. रिकाम्या बादलीने गाईची तहान भागत नाही, आणि हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. नसतं तर तू विचारलंच नसतंस.

आता मित्र म्हणून सांगतो आणि हे पत्र वाचून जाळ. मी तुझ्या जागी असतो तर लिहून मोकळा झालो असतो आणि मग त्या खोट्याबद्दल आयुष्यभर क्षमा मागत बसलो असतो. पण तू ते करणार नाहीस. शाळेची काच आपण दोघांनी फोडली, मास्तरांना पत्ताही नव्हता, आणि तू बाकावरून उठून हात वर केलास. तुझ्यामुळे माझाही कान पिरगळला गेला. तेव्हा मी इसाक्कीकाकांकडे, म्हणजे तुझ्या बाबांकडे, येऊन तक्रार केली, तर ते म्हणाले, पोरगं माझंच आहे, दुसरं काय करणार. आणि हसत होते.

इसाक्कीकाकांना मी शनिवारी उचलून सौनेत नेलं. आपल्या दोघांना दोन बगलांत धरून नदीत बुचकळणारा तो माणूस, ओल्या स्वेटरएवढा लागला हाताला. पाठीवर पाणी ओतताना म्हणाले, ऐमो पाठ जास्त जोरात घासायचा. मी म्हटलं, काका, तो येईल. तर म्हणाले, आधी आत येऊ दे, मग घरी.

म्हणून माझं एकच मागणं. परत ये, ऐमो. दार नुसतं लोटलेलं आहे. गुडघे टेकायला नकोत, रडायला नको. विश्वास ठेवू का, एवढं पत्रात विचार. उलट टपाली मी हो लिहीन. मग तू बाबांना लिही. अरे, एवढं सोपं आहे ते, लहानपणी आपण तंबाखूच्या दोन झुरक्यांमध्ये करत होतो. मला तू नसलेल्या सभेत बसवत नाही. शेजारची जागा मी अजून टोपी ठेवून अडवतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी टोपी उचलून बसतं.

प्रवचन झालं, माफ कर. दोस्तीचा धागा घट्ट धरून आहे.
तुझा,
ओइवा


गोटेबोर्ग,
२२ मार्च १९७०

आदरणीय बाबांस,
ऐमोचा नमस्कार, वि. वि.

वर जे असायला हवं ते नाही, त्याचं कारण आधी सांगतो, म्हणजे पुढचं तुम्ही स्वस्थपणे ऐकाल. जे आत नाही ते तोंडाने बोलायचं नाही, हे मी तुमच्याकडून शिकलो. तुमच्याशी बोलतानाच ते मोडलं तर मग तुमचं माझ्यापाशी काहीच उरलं नाही असं होईल. ओइवाने मला विचार म्हटलं होतं. मी कागद घेऊन बसलो आणि विचारायला गेलो, तर माझ्या लक्षात आलं की मला विश्वास नको आहे, मला तुमचं दुखणं थांबायला हवं आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, बाबा. तुम्हाला असा चोरून आत आलेला मुलगा आवडला नसता.

आता जे माझ्याकडे आहे ते सांगतो. जूनमध्ये अंगणात तुम्ही जे म्हणालात त्याचा मला राग होता. तो आता नाही. ढकलून घालवला नाही, शोधला तर सापडत नाही. मुलाने बापाला द्यायची जेवढी क्षमा असते तेवढी सगळी तुम्हाला दिली. तुम्ही दार लावलं नाहीत. मीच चालत गेलो आणि तुम्ही फक्त बघितलंत की मी कुठे उभा आहे. येशूच्या नावाने द्यायची ती माझ्या हातात नाही, पण ज्यांच्या हातात आहे त्या सगळ्यांकडून तुम्हाला ती मिळाली आहे. माझ्यासाठी अडून राहू नका. दुखतं तेवढं सोसू नका.

एक सांगायचं राहिलं. रविवारी तुम्ही टेबलाशी बसून मोठ्याने पुस्तक वाचायचात आणि मी टेबलाखाली बसून तुमचा लोकरीचा मोजा धरून ठेवायचो. मला वाचलेलं काही कळत नव्हतं. पण तुमचा आवाज वरून यायचा आणि पायाचा अंगठा मोज्यात हलायचा, आणि मला वाटायचं की सगळं ठीक आहे, जगात सगळीकडे ठीक आहे. विश्वास म्हटलं की मला अजून शब्द आठवत नाहीत, तो मोजा आठवतो. तो माझ्याकडून कोणी घेतलेला नाही.

आईचे मोजे पोचले, अगदी मापाचे आहेत. तिला सांगा.
तुमच्या मायेत मला राहू द्या, एवढंच मागतो.
तुमचा मुलगा,
ऐमो


कुर्कीनिवा,
१९ एप्रिल १९७०

चि. ऐमोस,
दे. शां. वि. वि.

तार मिळाली का ते कळलं नाही. तू आला नाहीस, म्हणजे मिळाली नसावी असं आई सगळ्यांना सांगत होती. बाबा ८ तारखेला गेले. जमीन अजून गोठलेली होती, ओइवाने आणि त्याच्या भावांनी आग पेटवून ती सैल केली आणि खणली.

तुझ्या पत्राचं काय झालं ते तुला सांगायलाच हवं. आई म्हणाली सांगू नकोस. मी दोन दिवस गप्प राहून बघितलं, जमत नाही.

टपालवाल्याने बाहेरूनच ओरडून सांगितलं की गोटेबोर्गचं आहे. बाबांनी ते ऐकलं. मी बूटसुद्धा न काढता आत आले. त्यांनी बाकावर उठून बसायचा हट्ट धरला, आईने मागे उशा लावल्या. त्यांच्या केसांवरून हात फिरवून तिने ते नीट बसवले, सभेला जाताना बसवते तसे. मी आधी मनात वाचायला हवं होतं. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते, ऐमो. मला थांबवेना. मी पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं, आदरणीय बाबांस, ऐमोचा नमस्कार.

आणि माझी जीभ थांबली.

मी तिथे दुसरं काही वाचू शकले असते. कागद माझ्या हातात होता, बाबांना जवळचं अक्षर कधीच दिसेनासं झालं होतं आणि आई अक्षरं लावत बसली असती तोवर मी पुढे गेले असते. दोन शब्द होते. देवाची शांती, एवढंच म्हणायचं. माझ्या तोंडात आलेही होते. पण कागदावर नव्हते.

बाबा म्हणाले, बास. मी म्हटलं, बाबा, पुढे बरंच आहे, त्याने कारण लिहिलंय, ऐका तरी. त्यांनी हात वर केला. म्हणाले, कळलं मला. त्याने मला माझंच परत दिलं, बरोबर केलं. रागाने म्हणाले नाहीत. मग आडवं व्हायचं म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर नदीकडे बघितलं नाही त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. ओइवाने विचारलं. तो तर रडत म्हणाला, की काका, त्याने तुम्हाला टोमणा मारला नाही, त्याला खोटं लिहिता येत नाही म्हणून तसं लिहिलं. बाबा म्हणाले, माहीत आहे. पण वाचा म्हणाले नाहीत. शेवटी आईने त्यांच्या गळ्यात हात घालून ते शब्द पुन्हा पुन्हा म्हटले, विश्वास ठेवा, इसाक्की, विश्वास ठेवा. मान हलली. हो म्हणून हलली की दुखलं म्हणून, यावर आम्ही दोघी बोलत नाही.

पत्राचं पुढचं सगळं मी गोठ्यात जाऊन वाचलं. मोज्याचंही वाचलं. ते त्यांना ऐकू गेलं असतं तर, असं मी शंभरदा म्हणते आणि शंभरदा तिथेच अडकते. मी तुला दोष देत नाही. देवाने मला विचारलं की तू त्याच्या जागी काय लिहिलं असतंस, तर मी तेच लिहिलं असतं, आणि मी तर आत आहे.

आई तुझी आठवण काढते. पत्र लिही. आपल्या दोघांत आता मध्ये कोणी नाही, म्हणून तरी लिही.
तुझी,
सैमीताई


गोटेबोर्ग,
१० मे १९७०

प्रिय सैमीताईस,
सप्रेम, वि. वि.

तार मिळाली होती. आईला जे सांगायचं ते मग ठरवू. मी निघालोही होतो. बोडेनपर्यंत आलो. तिथे घराकडची, हापारांडाची गाडी समोर उभी होती, माझ्याकडे तिकीट होतं. मी बाकावर बसून विचार करत होतो, की दफनभूमीत सगळं गाव ओळीने येईल, एकेक जण हात पुढे करेल आणि मला प्रत्येकाला काहीतरी म्हणावं लागेल, बाबांच्या खड्ड्याशी उभं राहून. गाडी सुटली तेव्हा मी तिच्याकडे असा बघत होतो जसं काही ती दुसऱ्याच कोणाची आहे. मग दक्षिणेकडची आली, तिच्यात चढलो.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी कामावर गेलो. कप्प्यात शिरलो आणि बाहेर यायचं विसरलो. मुकादमाने टॉर्च मारून हाका मारल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने माझं नाव नीट घेतलं.

मी त्यांना बरं वाटावं म्हणून लिहिलं होतं, ताई. आधी कारण, मग बाकीचं, असं मी मुद्दाम लावलं होतं. मला वाटलं कारण आधी सांगितलं की झालं. पण कारणाच्या आधी ती ओळ येते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पत्र असंच तर सुरू होतं.

इथे आपली काही माणसं आहेत. शहराच्या टोकाला एका घरात रविवारी सभा असते. इतके दिवस मला पत्ता माहीत होता आणि मी त्या रस्त्यानेही जात नव्हतो. गेल्या रविवारी गेलो. का गेलो ते मलाच सांगता येणार नाही. आत यायचं म्हणून नाही. कदाचित ते गाणी कशी म्हणतात ते ऐकायला. दारापाशी उभा राहिलो. सगळी कडवी मला पाठ होती. ओठ हलत होते आणि मी हलवत नव्हतो. कॉफीत चीजचे तुकडे टाकलेले, आपल्यासारखेच. कोणाचं तरी पोर टेबलाखाली झोपलेलं.

सभा संपल्यावर कॉफी वाढणारी एक म्हातारी माझ्यापाशी आली आणि विचारायला लागली, तू कुठला रे, कोणाचा. मी सांगितलं, कुर्कीनिवाचा, इसाक्कीचा. ती केवढ्याने तरी हसली. म्हणाली, नदीकाठच्या इसाक्कीचा? अरे, त्याने माझ्या बहिणीच्या घरी सभेत वाचलं होतं, काय आवाज त्याचा! मग तू आपलाच की. आणि तिने माझा हात दोन्ही हातांत धरून म्हटलं, देवाची शांती.

मी म्हणालो, नमस्कार.

 हात सोडायचा की नाही हे तिला कळेना, आणि मलाही काढून घेता येईना. चार माणसं बघत होती. माझा तळवा घामाने भिजला. मला तिचा अपमान करायचा नव्हता, ताई. तिच्या गळ्यात पडून रडावं असं वाटत होतं. तिला दुखवण्याचं माझ्या मनात काही नव्हतं, फक्त माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता. आणि तेव्हा मला आठवलं, की अंगणात बाबांचा हात ओला होता. जूनमध्ये. मी तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, हाताकडे माझं लक्षच गेलं नाही. मला वाटलं ते मला बाहेर काढतायत. ते तिथे माझ्यासारखेच उभे होते.

हे मला त्यांना सांगायचं होतं. ते पत्रात नव्हतं. आता ते आलं आहे तर ते घेऊन मी कुठे जाऊ, ते मला कळत नाही. ओइवा म्हणेल विचार, मी हो म्हणतो. त्याला सांग, की टोपी उचलू दे, कोणी बसलं तर बसू दे.

पुन्हा त्या घरी मी जाणार नाही. म्हातारीने शेवटी हात सोडून कॉफी ओतली, आणि मी प्यायलो, कारण नाही म्हटलं तर आणखी वाईट दिसलं असतं.

आईला बोडेनचं सांगू नकोस. तिला म्हण तार मिळाली नव्हती. नको, तसं म्हणू नकोस. तिने विचारलं तर जे आहे ते सांग.

तुझी माया असेल तर असू दे. नसली तरी लिहीत राहा.
तुझा,
ऐमो